संमतिवय आणि संततिनियमन : दोन वादांमधील रिक्त जागा

मराठी वैचारिक गद्यात विवाह आणि प्रजनन या विषयांवर दोन मोठे वाद झाले. पहिला संमतिवयाचा. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांनी त्याला तोंड फुटले, रखमाबाईंच्या खटल्याने तो पेटला आणि १८९१ च्या कायद्याने तो तात्पुरता शमला. दुसरा संततिनियमनाचा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेथपासून १९५३ मधील त्यांच्या निधनापर्यंत तो चालला. पहिल्या वादाचा विषय वय हा होता. दुसऱ्याचा अपत्यांची संख्या हा. हे दोन वाद एकमेकांस कोठे मिळाले आणि न मिळाल्याने काय घडले, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित केला जातो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा असून त्यासाठी वऱ्हाडातील परतवाडा हे ठिकाण कसोटी म्हणून घेतले आहे.

या निवडीस कारण आहे. परतवाडा हे अचलपूरचे जोडगाव. इंग्रजी अमदानीत येथे लष्करी छावणी होती. येथूनच सेमाडोह व हरिसालवरून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटाचा डोंगर चढतो. कोरकू कुटुंबांचा बाजारहाट, मजुरीसाठी बाहेर पडणे आणि अडल्या वेळी मोठ्या दवाखान्याची वाट या गावातून जाते. मराठी मैदान आणि कोरकू डोंगर यांची सीमा येथे आहे, आणि मराठीत झालेल्या चर्चेचा आवाका कोठे संपतो हे सीमेवर जितके स्पष्ट दिसते तितके पुण्या-मुंबईत दिसत नाही.

प्रथम संमतिवयाचा वाद पाहू. वऱ्हाडाशी त्याचा एक दुवा आहे. या वादात कायद्याच्या बाजूने उभे राहिलेले गोपाळ गणेश आगरकर अकोल्यास शिकले आणि ‘वऱ्हाड समाचार’मध्ये त्यांनी आरंभीचे लेखन केले. पुढे ‘सुधारक’मधून त्यांनी कायद्याचा पुरस्कार केला; टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. हा पक्षभेद सर्वपरिचित आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट या वादाच्या शब्दातच दडली आहे. ‘संमति’ म्हणजे मुलीची इच्छा. रखमाबाईंच्या खटल्यात प्रश्न अक्षरशः तोच होता : बालपणी लागलेल्या लग्नास ती आता नकार देऊ शकते काय? १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीतर तुरुंगात जा, असा पर्याय तिच्यापुढे ठेवला. या प्रश्नाचे १८९१ च्या कायद्याने जे उत्तर दिले ते केवळ एका आकड्याचे होते : दहाऐवजी बारा. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरविले, १९४९ साली ते पंधरा आणि १९७८ साली अठरा झाले. आकडा वाढत गेला हे निर्विवाद हिताचे झाले. परंतु संमती हा शब्द मागे पडला आणि वय तेवढे उरले.

कर्व्यांच्या लेखनात हरवलेला धागा पुन्हा सापडतो. संततिनियमनामागे त्यांच्या मते लोकसंख्येचा हिशेब हा मुख्य हेतू नव्हता. स्वतःच्या शरीरावर स्त्रीचा अधिकार असावा आणि कामजीवनास मातृत्वाचा दंड नसावा, ही त्यांची भूमिका होती. ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत चालविले, त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले; संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी त्यांनी आधीच गमावली होती. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. पुढे १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा प्रश्न मांडण्यामागेही आंबेडकरांचीच प्रेरणा होती. त्याच काळात ना. सी. फडके यांच्यासारखे लेखक हाच विषय सुप्रजननाच्या अंगाने मांडीत होते. त्यांच्याशी तुलना केली असता कर्व्यांचे वेगळेपण उठून दिसते : फडक्यांच्या विवेचनात केंद्रस्थानी वंश आहे, कर्व्यांच्या विवेचनात व्यक्ती.

तथापि कर्व्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांचा वाचक साक्षर, शहरी आणि बहुधा प्रौढ होता. शंका लिहून पाठविणारा आणि साधने विकत घेऊ शकणारा होता. सोळाव्या वर्षी लग्न होऊन सतराव्या वर्षी आई होणारी, जिची भाषाच मराठी नाही अशी मुलगी त्यांच्या पत्रव्यवहारात येण्याचा संभवच नव्हता. तर्काने पाहता त्यांचा सिद्धान्त तिलाच सर्वांत अधिक लागू पडत होता; व्यवहारात तो तिच्यापर्यंत गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारी पातळीवर स्वीकारला. असे करणारे हे जगातील पहिले राष्ट्र मानले जाते. येथे शब्द बदलला. ‘संततिनियमना’त नियमन करणारी व्यक्ती गृहीत होती. ‘कुटुंबनियोजन’ हा पंचवार्षिक योजनांच्या युगातील शब्द. त्यात नियोजनाचा कर्ता शासन आणि त्याचा विषय कुटुंब. १९६६ पासून उद्दिष्टांचे आकडे खाली पाठविले जाऊ लागले. त्याचे टोक आणीबाणीत गाठले गेले : १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. १९७७ नंतर ‘कुटुंबकल्याण’ हे नाव आले. तिन्ही नावे ओळीने ठेवून पाहिली तर त्यांत संतती आहे, कुटुंब आहे, कल्याणही आहे. स्त्री कोठेच नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. १९७६ च्या लोकसंख्याविषयक धोरणाने मुलीच्या विवाहाचे वय अठरा करण्याचे सुचविले आणि त्यातून १९७८ ची दुरुस्ती आली. मग वय आणि संख्या हे दोन प्रवाह येथे एकत्र आले नाहीत काय? एकत्र आले, हे खरे. मातेच्या आरोग्याचा विचारही त्यात होता. परंतु ज्या धोरणाचा प्रधान हेतू जन्मदर कमी करणे हा आहे, त्यात विवाहाचे वय हे संख्येचे साधन बनते. मुलीने अठराव्या वर्षापर्यंत थांबावे, कारण त्यामुळे जन्म कमी होतील. तिला शिकावयाचे आहे अथवा ‘नाही’ म्हणावयाचे आहे, म्हणून नव्हे.

या दृष्टिकोनाचे फळ आजच्या आकड्यांत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार एकूण जननदर १९९२-९३ मध्ये ३.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.० वर आला. महाराष्ट्रात तो १.७ आहे. संख्येचा वाद देशाने जिंकला आहे. याच पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी आई झालेल्या अथवा गरोदर असलेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १६ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ७.९ आणि २०१९-२१ मध्ये ६.८ टक्क्यांवर आले. पहिल्या दहा वर्षांतील उतार मोठा, नंतरचा मंद. महाराष्ट्रातील प्रमाण ७.६ टक्के, म्हणजे देशाहून अधिक. जननदर देशाहून कमी आणि किशोरवयीन मातृत्व अधिक, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. तिचा एक उलगडा साधनांच्या निवडीत सापडतो. २०१९-२१ मध्ये देशातील ३७.९ टक्के विवाहितांनी स्त्रीनसबंदीचा आधार घेतला होता. पुरुषनसबंदी अवघी ०.३ टक्के. स्त्री लवकर आई होते, दोन-तीन अपत्यांनंतर शस्त्रक्रिया करून घेते आणि हिशेब जुळतो. पहिले मूल लांबविणे या हिशेबात बसत नाही. १५ ते १९ वयाच्या विवाहितांत साधनांचा वापर सर्वांत कमी आहे. उलट शाळेचा परिणाम पाहावा : कधीच शाळेत न गेलेल्या मुलींत मातृत्वाचे प्रमाण १८ टक्के, तर बारा अथवा अधिक वर्षे शिकलेल्यांत ४ टक्के.

मेळघाटात या विसंगतीस आणखी एक पदर आहे. १९९० नंतरच्या दशकात तेथील बालमृत्यूंची वार्ता देशभर गेली, न्यायालयात याचिका झाल्या, १९९५ साली नवसंजीवन योजना आली. ‘कुपोषण’ हा त्या चर्चेचा मध्यवर्ती शब्द. त्यात आई येते ती कमी वजनाच्या बाळाचे कारण म्हणून. ती स्वतः किती वर्षांची, हा प्रश्न तक्त्यातील एका रकान्यात राहतो. कोरकू ही मुंडा कुलातील भाषा; आरोग्याची भित्तिपत्रके मात्र मराठीत. त्यांतील ‘लहान कुटुंब’ हा उपदेश जिची पहिली खेप आहे तिला काय सांगणार?

कायद्याने अलीकडे नवी अडचण निर्माण केली आहे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीशी संबंध हा गुन्हा असून त्याची खबर देणे बंधनकारक आहे; २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहातील अपवादही काढून टाकला. तत्त्वतः हे रखमाबाईंना मिळालेले उशिराचे उत्तर होय. परंतु नवऱ्यावर खटला होईल या भीतीने सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्याचीच वाट टाळण्याचा धोका यातून उद्भवतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या विनंतीवरून तिची ओळख उघड करण्यापासून डॉक्टरांस सूट दिली, ती हाच धोका ओळखून. जी मुलगी बाळंतपणासाठी येते तिचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

सारांश, संमतिवयाच्या वादाने वय दिले, संततिनियमनाच्या वादाने साधन दिले, कुपोषणाच्या चर्चेने आहार दिला. या तिहींच्या मध्ये जी मुलगी उभी आहे तिला एकही वाद आपला मुख्य विषय करीत नाही. आगरकरांनी ज्या संमतीसाठी लेखणी झिजविली आणि कर्व्यांनी ज्या स्वाधीनतेसाठी चाकरी गमावली, त्या दोन कल्पना एकाच वाक्यात मांडल्याखेरीज ही रिक्त जागा भरणार नाही. केव्हा लग्न करावे, केव्हा आई व्हावे आणि व्हावे की नाही, हे प्रश्न एकाच मुलीचे आहेत. परतवाड्याहून वर चढणाऱ्या रस्त्यावर ते तिच्या भाषेत विचारले जातील, तेव्हाच मराठीतील हे दोन वाद खऱ्या अर्थाने पुरे झाले असे म्हणता येईल.