गोष्ट कुणाची, सही कुणाची



गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात एका छोट्या फिल्मचा खेळ झाला. पडदा म्हणून पांढरी चादर बांधली होती. फिल्म काढणारा पोरगा पांढरपेशा, पण मनानं बरा. वर्षभर वस्तीत यायचा, चहा प्यायचा, बायामाणसांचं बोलणं मोबाईलमध्ये भरून न्यायचा. फिल्ममध्ये एक म्हातारी 1972 च्या दुष्काळाची आठवण सांगते. खडी फोडायचं काम, दुपारची सुकडी. वाढणारा शिवाशीव नको म्हणून उंचावरनं टाकायचा. म्हातारी म्हणते, ‘सुकडी गोड व्हती, पण वरनं पडायची.’

माझी मावशी शेजारीच बसली होती. ती मोठ्यांदा म्हणाली, ‘आरं, ह्ये तर म्या सांगितलं व्हतं. माझं नाव कुठंय रं?’

शेवटी पडद्यावर नावं आली. संकल्पना, पटकथा, संवाद. तिन्हीपुढं त्याच पोराचं नाव.

माझं डोकं फिरलं. म्हणलं, कोर्टात खेचतो. पाळी सुटली की वकिलाकडं चकरा, रात्री शब्दकोश घेऊन इंग्रजी निकाल वाचणं, असे दोन महिने गेले. आपल्यातली बरीच पोरं आता पटकथा लिहितायत, निर्मात्यांना गोष्टी ऐकवतायत. म्हणून जे हाती लागलं ते इथं मांडतो.

पहिला निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 1978 चा. आर. जी. आनंद नावाचे दिल्लीचे वास्तुविशारद नाटकंही लिहायचे. त्यांचं ‘हम हिंदुस्तानी’ 1954 मध्ये रंगमंचावर आलं. विषय प्रांतवादाचा, पंजाबी आणि मद्रासी घरांतलं लग्न. सिनेमावाले मोहन सेगल यांना त्यांनी अख्खं नाटक वाचून दाखवलं. 1956 मध्ये सेगलांचा ‘न्यू दिल्ली’ आला. आनंद कोर्टात गेले आणि तिन्ही पायऱ्यांवर हरले. न्यायालय म्हणालं, कल्पना, विषय, कथाबीज, इतिहासातली घटना यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते मांडणीवर. प्रेक्षकाला दुसरी कृती ही पहिलीचीच नक्कल आहे असं ठामपणे वाटलं, तरच चोरी.

ह्या निकालात एक गंमत आहे. दोन कृती वेगळ्या कशा, हे सांगताना न्यायालयानं दाखवलं की सिनेमात जातीच्या आणि हुंड्याच्या दुखण्यावर बोट आहे, नाटकात ते नाही. म्हणजे जात आली आणि गोष्ट वेगळी झाली! आपण हेच बोंबलून सांगत आलोय. प्रांताचं भांडण मांडावं आणि जात गाळावी, असं साहित्य अर्धंच असतं. समीक्षकांनी जे मानायला खळखळ केली, ते न्यायमूर्तींच्या कलमातून सहज उतरलं.

पण मग कल्पना ज्यानं विश्वासानं सांगितली त्यानं काय करायचं? त्यासाठी दुसरा रस्ता आहे, विश्वासभंगाचा. 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं सनडायल कम्युनिकेशन्स आणि झी यांचं भांडण आलं. सनडायलनं एका मालिकेची कल्पना झीपुढं मांडली होती. पुढं झीची ‘कन्हैया’ मालिका आली. न्यायालयानं सनडायलच्या बाजूनं मनाई कायम ठेवली. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसला, तरी ती नीट घडवून विश्वासात सांगितली असेल, तर ऐकणाऱ्यानं ती परस्पर वापरू नये.

हाच रस्ता ‘झोंबिवली’ सिनेमाच्या वेळी एका लेखकानं धरला. आपली संहिता आपण आधी पाठवली होती, असं त्याचं म्हणणं. 2021 मध्ये त्याच न्यायालयानं त्याला मनाई नाकारली. गुपित नेमकं कोणतं, ते बोट ठेवून दाखवावं लागतं. झोंबी सगळ्या जगाचे आहेत.

आता आपल्या घरातलं. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’. नागपूरच्या विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावरचा. हैदराबादच्या एका निर्मात्यानं दावा लावला की त्या पोरांमधल्या एका कर्णधाराच्या आयुष्याचे हक्क मी आधीच घेतलेत. सप्टेंबर 2020 मध्ये तेलंगणातल्या कोर्टानं सिनेमा अडवला. शेवटी 4 मार्च 2022 ला तो लागला. त्या कोर्टातलं भांडण कागदांचं होतं, कुणी कुणाकडनं काय लिहून घेतलं याचं. पण ‘झुंड’मध्ये मंजुळेंचं स्वतःचं काय आहे? कॉलेज आणि वस्तीमधली ती भिंत. भीमजयंतीचा डीजे. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं उभा केलेला अमिताभ. हे कुठल्याच करारात विकत मिळत नाही. ते वस्तीत वाढलेल्या डोळ्यांतनं येतं. कायदा ज्याला मांडणी म्हणतो ती हीच.

आणि 2025 मध्ये तर मामला पुण्यातच आला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक आणणारे. त्यांच्यावरच्या मंजुळेंच्या सिनेमाविरुद्ध खाशाबांचं चरित्र लिहिणारा एक लेखक पुण्याच्या कोर्टात गेला. त्या दाव्याचा न्याय मी करणार नाही. प्रश्न तेवढा बघा. खाशाबा हेलसिंकीला जिंकले, ही घटना सगळ्यांची. पण ती शोधायला कुणी गावोगाव हिंडलं असेल, ती आपल्या शब्दांत रचली असेल, तर ती रचना त्याची.

हे सगळं वाचून मी मावशीकडं वळलो. दुष्काळ सगळ्यांचा. सुकडी सगळ्यांची. शिवाशीव तर अख्ख्या देशाची. त्यावर मालकी सांगायची नाही, उलट जेवढे लिहितील तेवढं बरं. पण ‘गोड व्हती, पण वरनं पडायची’ हे वाक्य कल्पना नाही, मांडणी आहे. ती मावशीची. पण तिनं ते लिहिलं नव्हतं. पुरावा होता तो फक्त त्या पोराच्या मोबाईलमध्ये.

आता कबुली. खेळ संपल्यावर एक दोस्त कानाशी म्हणाला, ‘ही ओळ तुझ्या कवितेतली ना?’ मी हो म्हणालो. दोन वर्षांपूर्वी याच अंकात माझी कविता आली होती, तीच ओळ, खाली माझं नाव. लोकांनी पाठ थोपटली. मावशीला मी विचारलं नव्हतं. तिला कविता वाचूनसुद्धा दाखवली नव्हती. म्हणजे त्या पोराच्या आधीचा चोर मीच. तो पांढरपेशा म्हणून मला दिसला. मी भाचा म्हणून सुटलो.

आपल्या कवितेत किती आया, आज्या, मावश्या अशा बिननावाच्या पडल्यात, याची मोजदाद आपल्या समीक्षेनं करावी. बाहेरच्यांना जाब विचारायचा तर आधी घरात विचारू.

केस मी केली नाही. कविता पुन्हा छापतोय, ‘शब्द मावशीचे’ असं वर लिहून आणि तिचा होकार घेऊन. त्या पोरालाही भेटलो. फिल्ममध्ये तिचं नाव घालीन म्हणालाय.

आणि तुम्ही, लिहिणाऱ्या पोरांनो. गोष्ट ऐकवायच्या आधी लिहा, तारीख टाका. मुंबईच्या पटकथालेखक संघटनेत नोंद करा. नोंदीनं मालकी ठरत नाही, पण तारखेचा पुरावा राहतो. कुणाला काय पाठवलं ते जपून ठेवा. सही करायच्या आधी करार वाचा. 2012 च्या दुरुस्तीनं सिनेमाच्या लेखकाला काही वापरांतल्या मानधनाचा न सोडता येणारा वाटा दिलाय.

1936 मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला बाबासाहेबांचं भाषण बदलून हवं होतं. त्यांनी एक स्वल्पविरामही हलवायला नकार दिला आणि ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, दीड हजार प्रती. आपल्या शब्दाची जबाबदारी घेणं ते असं.

मावशी परवा विचारत होती, ‘माझं नाव छापलं का?’ म्हणलं, अंक निघू दे. हातात आणून देतो.