प्रतिमाहक्क, वेतन आणि फुटबॉलपटूचे स्वातंत्र्य : एक चिकित्सा

युरोपीय फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या हस्तांतरणाचा हंगाम वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि जानेवारीत येतो. या काळात वृत्तपत्रांतून एक ठराविक वाक्य वारंवार वाचावयास मिळते : दोन्ही क्लबांचे रकमेबाबत एकमत झाले आहे, मात्र खेळाडूची वेतनाची मागणी व प्रतिमाहक्कांचा प्रश्न यांमुळे व्यवहार अडला आहे. यातून वाचकाच्या मनावर उमटणारा अर्थ उघड असतो. क्लब समंजस आहेत, खेळाडू हावरा आहे. क्रीडापत्रकारितेत ही मांडणी इतकी रुळली आहे की 'वेतन' आणि 'प्रतिमाहक्क' ही एकाच हव्यासाची दोन नावे असावीत असे वाटू लागते. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा करावयाची आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्न मागणीच्या आकाराचा नाही. वेतन कोठे संपते आणि प्रतिमा कोठे सुरू होते ही सीमारेषा कोण आखतो, आणि कोणाच्या सोयीने, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम 'हस्तांतरण' या शब्दाविषयी. मराठीत माणसाची बदली होते. हस्तांतरण होते ते जमिनीचे, मालमत्तेचे. फुटबॉलच्या संदर्भात मात्र हाच शब्द अधिक नेमका ठरतो, कारण येथे एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जाते ती खेळाडूची नोंदणी, आणि ही नोंदणी दीर्घकाळ क्लबची मालमत्ता मानली गेली. इंग्लंडमध्ये १९६१ च्या जानेवारीपर्यंत खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी केल्यावर ती उठली आणि फुलहॅमचे जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळविणारे पहिले खेळाडू ठरले. वेतन मुक्त झाले; पाय मात्र बांधलेलेच होते. करार संपल्यानंतरही जुना क्लब खेळाडूची नोंदणी रोखून धरू शकत असे. न्यूकॅसलने जाऊ न दिल्यामुळे जॉर्ज ईस्टहॅम यांनी काही काळ खेळ सोडून बुचाच्या विक्रीचे काम केले. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही रोखून धरण्याची पद्धत व्यवसायावरील अवाजवी निर्बंध ठरविली. पुढे १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या झाँ-मार्क बोस्मान यांच्या प्रकरणात निर्णय दिला : करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या क्लबकडे कोणत्याही मोबदल्याविना जाऊ शकतो.

या निर्णयाचा आर्थिक परिणाम सर्वज्ञात आहे. पूर्वी क्लबाकडून क्लबाकडे जाणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा खेळाडूकडे वळू लागला. येथपासून वाटाघाटीच्या मेजावर प्रतिमाहक्कांचे प्रकरण जाडजूड होत गेले, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. पैसा वाढला तेव्हा त्याला कोणत्या खात्यात बसवावयाचे, हा प्रश्नही वाढला.

प्रतिमाहक्क म्हणजे खेळाडूचे नाव, चेहरा, स्वाक्षरी, टोपणनाव, क्वचित जर्सीचा क्रमांक यांचा व्यापारी वापर करण्याचा अधिकार. स्पेनसारख्या देशांत त्याला कायद्याचा आधार आहे. इंग्लिश विधिपरंपरेत मात्र असा स्वतंत्र हक्क आजही मान्य नाही. शर्यतपटू एडी अर्व्हाईन यांना २००२ मध्ये, आणि गायिका रिहाना यांना २०१५ मध्ये जो न्याय मिळाला, तो ग्राहकाची दिशाभूल झाली या कारणावर. चेहरा त्यांचा होता या कारणावर नव्हे. नोंदणी करता येईल असा प्रतिमाहक्क जगात प्रथम निर्माण केला तो गर्न्सी या लहानशा बेटाने, २०१२ मध्ये. हे बेट करसवलतींसाठी प्रसिद्ध आहे, एवढे नमूद करून पुढे जाणे पुरेसे आहे. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये क्रिकेट विश्वचषकाशी संबंधित एका दाव्यात प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीच्या खाजगीपणातून उगवतो व तो व्यक्तीच्याच ठायी असू शकतो, स्पर्धेच्या ठायी नाही, असे म्हटले. हा विचार पुढील चर्चेत उपयोगी पडेल.

जेथे हक्कच मान्य नाही तेथे त्याची किंमत कशी ठरते? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या कर-आयुक्तांसमोर २००० साली आलेल्या एका प्रकरणात सापडते. निकालपत्रात क्लबचे व खेळाडूंचे नाव दडविलेले होते. परंतु तो क्लब आर्सेनल आणि ते खेळाडू डेनिस बर्गकॅम्प व डेव्हिड प्लॅट होते, हे लपून राहिले नाही. क्लबने या दोघांशी खेळण्याचा करार एक केला, आणि त्यांच्या प्रतिमेचे हक्क बाळगणाऱ्या कंपन्यांशी दुसरा. करखात्याचे म्हणणे असे की दुसऱ्या कराराचे पैसे हे वेषांतर केलेले वेतनच होय. त्या वेळी वरच्या उत्पन्नावर ४० टक्के आयकर होता, कंपनीवरील कराचा मुख्य दर ३० टक्के होता, आणि वेतनावर मालकाला भरावी लागणारी राष्ट्रीय विम्याची वर्गणी कंपनीला दिलेल्या रकमेवर लागू होत नव्हती. म्हणजे या वेषांतरात खेळाडू आणि क्लब दोघांचाही लाभ होता. आयुक्तांनी निर्णय क्लबच्या बाजूने दिला. प्रतिमेचे करार खरे व्यापारी करार आहेत, त्यांना स्वतंत्र मूल्य आहे, ते वेतन नव्हे, असा त्याचा आशय होता.

निर्णय तर्कदृष्ट्या लंगडा आहे असे म्हणता येणार नाही. बर्गकॅम्प यांचे छायाचित्र विकले जात होते, हे खरेच होते. तथापि त्यातून एक सूत्र प्रस्थापित झाले : प्रतिमा ही खेळण्याच्या कामापासून वेगळी आहे. हे सूत्र ध्यानात ठेवावे, कारण दहा वर्षांनी तेच सूत्र एका खेळाडूविरुद्ध उभे करण्यात आले.

दरम्यान डेव्हिड बेकहॅम यांचे प्रकरण घडले. २००२ च्या मे महिन्यात मँचेस्टर युनायटेडशी झालेल्या त्यांच्या नव्या करारात आठवड्याच्या वेतनाबरोबर प्रतिमेपोटी वेगळी रक्कम ठरल्याच्या वार्ता होत्या, आणि या रकमेवरूनच बोलणी महिनोन् महिने लांबली होती. पुढच्याच वर्षी ते सुमारे ३.५ कोटी युरोंना रेआल माद्रिदकडे गेले. फ्लोरेंतिनो पेरेझ यांच्या अध्यक्षपदाच्या काळात त्या क्लबची रीत अशी होती की नव्या खेळाडूने आपल्या प्रतिमेच्या उत्पन्नातील निम्मा वाटा क्लबला द्यावा. टीकाकारांनी तेव्हा बेकहॅम यांच्या वेतनावर रकानेच्या रकाने लिहिले. क्लबने माणसाच्या चेहऱ्यातील अर्धी भागीदारी विकत घेतली, यावर फारसे कोणी लिहिले नाही. हावरेपणाचा आरोप नेहमी एकाच दिशेने का जातो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. बेकहॅम यांचा चेहरा मोलाचा झाला तो मँचेस्टरच्या लाल जर्सीमुळे. मग प्रतिमेत क्लबचा वाटा का नसावा? संघाशिवाय फुटबॉलपटूची कीर्ती नाही, हे निर्विवाद होय. परंतु क्लबच्या या वाट्याची भरपाई तिकिटे, प्रक्षेपण आणि जर्सीची विक्री यांतून आधीच होत असते, आणि जर्सीतील संघाचे सामूहिक छायाचित्र वापरण्याचा अधिकार क्लबकडे करारान्वये असतोच. प्रश्न उरतो तो जर्सी उतरविलेल्या माणसाचा. त्याच्या दाढीच्या पात्याच्या जाहिरातीत क्लबचा निम्मा वाटा कोणत्या श्रमाबद्दल, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाला मिळालेले नाही.

आता त्या सूत्राकडे वळू. वेन रूनी १७ वर्षांचे होते व एव्हर्टनकडून खेळत होते, तेव्हा २००३ च्या जानेवारीत त्यांच्या प्रतिमेचे हक्क बाळगणाऱ्या स्टोनीगेट ४८ या कंपनीचा करार प्रोअ‍ॅक्टिव्ह स्पोर्ट्‌स मॅनेजमेंट या एजंट कंपनीशी झाला. मुदत आठ वर्षे. दलाली २० टक्के. कामगार वस्तीत वाढलेल्या या मुलाला किंवा त्याच्या आई-वडिलांना स्वतंत्र कायदेशीर सल्ला मिळालेला नव्हता. २००८ मध्ये रूनी यांचे प्रतिनिधी त्या कंपनीतून बाहेर पडले, रूनी त्यांच्यासोबत गेले, दलाली थांबली आणि कंपनी न्यायालयात गेली. ईस्टहॅम यांच्यापासून चालत आलेले तत्त्व असे की व्यवसायावर अवाजवी निर्बंध घालणारा करार अंमलात आणता येत नाही. त्यावर कंपनीचा युक्तिवाद मोठा मासलेवाईक होता. रूनी यांचा व्यवसाय फुटबॉल खेळणे हा आहे. प्रतिमेचा वापर हा त्यांचा व्यवसायच नव्हे. म्हणून व्यवसायावरील निर्बंधाचे तत्त्व येथे लागू नाही!

म्हणजे आर्सेनलच्या प्रकरणात जे वेगळेपण करापासून संरक्षण देणारे ठरले, तेच येथे एका अल्पवयीन मुलाला आठ वर्षे बांधून ठेवण्यासाठी पुढे आले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने, आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने, हा युक्तिवाद फेटाळला. प्रतिमेचा व्यापार हाही खेळाडूचा व्यवसाय आहे, खेळाला जोडून आलेला असला तरी, आणि हा करार त्यावरील अवाजवी निर्बंध आहे, असे न्यायालयांनी ठरविले. आधी केलेल्या सेवेच्या मोबदल्याचा मुद्दा काहीसा खुला राहिला. मूळ बंधन मात्र तुटले. प्रतिमाहक्कांवरील लेखनात या निकालाला करविषयक प्रकरणांच्या मानाने कमी जागा मिळते. वास्तविक या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा निकाल हाच होय, कारण प्रतिमा विकणाऱ्या माणसाकडे श्रमिक म्हणून पाहिले गेले ते येथे.

स्पेनने हा गुंता आकड्यांनी सोडविण्याचा प्रयत्न केला. १९९६ च्या अखेरच्या कायद्यानुसार क्लबकडून मिळणाऱ्या एकूण मोबदल्यापैकी किमान ८५ टक्के रक्कम वेतन म्हणून दिली गेली तर उरलेली १५ टक्क्यांपर्यंतची रक्कम प्रतिमेच्या कंपनीला देता येते. हे प्रमाण कोणत्याही चेहऱ्याच्या खऱ्या मूल्यावरून काढलेले नाही. ती एक तडजोड आहे, आणि तडजोड म्हणून ती प्रामाणिक आहे. तिच्याबाहेर, जाहिरातदारांकडून येणाऱ्या पैशाच्या बाबतीत, काय घडले ते पुढे न्यायालयांत दिसले. लिओनेल मेस्सी यांना २०१६ मध्ये २००७ ते २००९ या काळातील सुमारे ४१ लाख युरोंच्या करचुकवेगिरीबद्दल २१ महिन्यांची शिक्षा झाली. प्रतिमेचे उत्पन्न बेलीझ व उरुग्वे येथील कंपन्यांमार्फत वळविले गेले होते. शिक्षेऐवजी नंतर दंड भरण्यात आला. क्रिस्तियानो रोनाल्दो यांना २०१९ च्या जानेवारीत २३ महिन्यांची स्थगित शिक्षा व १.८८ कोटी युरोंचा दंड झाला. येथे खेळाडूची बाजू घेण्याचे कारण नाही. श्रमिक म्हणून संरक्षण मागावयाचे आणि कर भरण्याच्या वेळी कंपनी व्हावयाचे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. सर्व काही वडील पाहत होते, हा मेस्सी यांचा बचाव न्यायालयाने मानला नाही, ते योग्यच झाले.

टक्केवारीच्या या गदारोळात प्रतिमाहक्काचा मूळ गाभा हरवतो. व्यक्तीच्या खाजगीपणातून उगवणारा हक्क म्हणजे प्रथमतः नकार देण्याचा हक्क. किलियन एम्बाप्पे यांनी २०२२ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाच्या प्रायोजकांसाठी छायाचित्रे काढून घेण्यास नकार दिला, तेव्हा वाद पैशाचा नव्हता. सट्टा आणि चटपटीत बाजारी खाद्यपदार्थ यांच्या जाहिरातींत आपला चेहरा असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबरात त्यांनी पुन्हा तीच भूमिका घेतल्यावर फ्रेंच महासंघाने खेळाडूंशी असलेला प्रतिमाविषयक करार बदलण्याचे मान्य केले. अर्थात हा नकार त्यांना परवडला, कारण ते एम्बाप्पे होते. दुसऱ्या श्रेणीच्या संघातील खेळाडू छापील करारावर सही करतो आणि त्यातील प्रतिमेचे कलम बहुधा वाचतही नाही.

याच संदर्भात पावलो दिबाला यांचे २०१९ च्या ऑगस्टमधील प्रकरण पाहावे. युव्हेंटस विकण्यास तयार होता, टॉटनहॅम घेण्यास तयार होता. पण दिबाला यांच्या प्रतिमेचे हक्क पूर्वीच एका बाहेरच्या कंपनीकडे गेले असून तिच्या दाव्यामुळे इंग्लिश क्लबने माघार घेतली, असे त्या वेळच्या वार्तांनी सांगितले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत पुन्हा 'मागण्या' हाच शब्द होता. २०१५ पासून जागतिक महासंघाने खेळाडूच्या नोंदणीत बाहेरच्या गुंतवणूकदाराचा हिस्सा असण्यास बंदी घातली आहे. त्याच्या चेहऱ्यात असा हिस्सा असण्यास मात्र त्या बंदीत अटकाव नाही. ईस्टहॅम यांना न्यूकॅसलने रोखले होते, बोस्मान यांना लिएजने. दिबाला यांना रोखणाऱ्या कंपनीकडे ना मैदान होते, ना संघ. युव्हेंटसशी असलेला त्यांचा करार संपला तो २०२२ मध्ये. तेव्हा ते हस्तांतरणाच्या रकमेविना रोमाकडे गेले.