फ्रिझल कोंबडी आणि ‘अपूर्ण प्रभाव’

फ्रिझल कोंबडीची पिसे अंगालगत न बसता बाहेर वळलेली असतात. लांडाउअर व डन यांनी १९३० मध्ये विवेचिलेला हा गुण अपूर्ण प्रभावाचे सुबोध उदाहरण होय: दोन विषमयुग्मी पक्ष्यांच्या संकरातून साधी, कुरळी व अतिकुरळी पिसे असलेली संतती १:२:१ या प्रमाणात अपेक्षिली जाते.

हे विवेचन ग्राह्यच आहे. परंतु पिसांवरून जनुके ओळखता येतात, हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष सदोष आहे. हट यांनी १९३६ मध्ये दाखविल्याप्रमाणे, दुसरे एक अप्रभावी जनुक समयुग्मी असल्यास विषमयुग्मी फ्रिझलची पिसे जवळजवळ साधी दिसतात. असा पक्षी ‘साधा’ गणला की प्रमाण बिघडते. दोष नियमाचा नसून गणनेचा असतो. शिवाय त्याचा फ्रिझलशी संकर केल्यास काही संतती समयुग्मी निपजू शकते. अशा पक्ष्यांची ठिसूळ पिसे झडतात व शरीराची उष्णता वाया जाते.

२०१२ मध्ये केआरटी७५ या केराटिन-जनुकातील उत्परिवर्तन उघड झाल्याने मूळ कारण कळले. मात्र त्याचे दृश्य रूप इतर जनुकांवरही अवलंबून राहते. सारांश, प्रभाव हा एकट्या जनुकाचा अंगभूत धर्म मानता येणार नाही.