लोखंडी पायाची सिंड्रेला

अमेरिकन लेखिका मरिसा मायर यांची ‘सिंडर’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०१५ पर्यंत त्याच मालिकेत ‘स्कार्लेट’, ‘क्रेस’ आणि ‘विंटर’ ही पुस्तके आली. लाल टोपीवाली मुलगी, रापुंझेल आणि हिमगौरी यांच्या जुन्या कथा त्यांत भविष्यकाळात नेऊन बसविल्या आहेत. पहिली कथा सिंड्रेलाची. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः तिच्यापुरतेच बोलणार आहोत, कारण साऱ्या मालिकेचा पाया तेथे घातला गेला आहे आणि आमची जी एक तक्रार आहे तिचेही मूळ तेथेच आहे.

परीकथेला यंत्रांचे कपडे चढविले म्हणजे विज्ञानकथा झाली, असा समज असलेली पुस्तके पुष्कळ निघतात. भोपळ्याच्या जागी विमान आणि परीच्या जागी संगणक ठेवला की काम झाले! मायर यांचे पुस्तक त्या जातीचे नाही. चौथ्या महायुद्धानंतरचे जग, नवे बीजिंग हे शहर आणि त्या शहराच्या बाजारात यंत्रदुरुस्तीचे दुकान चालविणारी सोळा वर्षांची सिंडर. तिचा एक हात आणि एक पाय धातूचा आहे, डोक्यात तारा आहेत, डोळ्यांपुढे अक्षरे उमटतात. तिला रडता येत नाही. डॉक्टरांचे यंत्र तिच्या शरीराचा हिशेब मांडते तेव्हा शंभरात ३६.२८ भाग ती माणूस नाही, असा आकडा येतो. तिला युरोपातून दत्तक आणणारा गृहस्थ लवकरच साथीत मरण पावला आणि ती त्याच्या विधवेच्या, ॲड्रीच्या, पदरात पडली.

येथपर्यंत ही ओळखीचीच गोष्ट आहे. वेगळेपण सुरू होते ते कायद्यापासून. जुन्या कथेतील सावत्र आई दुष्ट असते, आणि तिच्या दुष्टपणाला स्वभावाखेरीज दुसरे कारण लागत नाही. ॲड्रीच्या हाती मात्र कागद आहे. सिंडरसारखी यंत्रमिश्रित मुले त्या राज्यात पालकाची मालमत्ता समजली जातात. दुकानात राबून तिने मिळविलेला पैसा कायद्याने ॲड्रीच्या खात्यात जमा होतो. साथीवरील औषध शोधण्यासाठी अशाच माणसांना चिठ्ठ्या टाकून प्रयोगशाळेत नेले जाते, आणि ॲड्री तर तिला मोबदल्यासाठी आपणहून पाठवून देते. म्हणजे चूल आणि राख यांच्या जागी सरकारी नियम आला आहे. ‘यतीम’ आणि ‘वली’ हे शब्द ज्यांच्या घरात बोलले जातात त्या आपल्या वाचकांना हा भाग विशेष बोचेल. सूरह निसाच्या आरंभीच यतीमांचा माल त्यांच्या हवाली करण्याची ताकीद आहे. ती द्यावी लागली याचा अर्थच असा की, वली म्हणविणारा माणूस मालावर हात मारतो, हा अनुभव फार जुना आहे. मायर यांना ही ताकीद ठाऊक असेल वा नसेल. त्यांनी दाखविलेले दुखणे मात्र तेच आहे. ॲड्रीला त्यांनी निव्वळ राक्षसीणही केलेले नाही. तिचा नवरा साथीत गेला, पुढे लाडकी धाकटी मुलगी पिओनी त्याच साथीने गेली. तिचा द्वेष दुःखातून वाढत जातो, त्यामुळे तो अधिक खरा वाटतो.

आता त्या पायाविषयी. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या कथेत काचेचा जोडा आहे, आणि जोडा हा शेवटी नाजूकपणाचा दाखला आहे. येथे कादंबरीच्या पहिल्याच दृश्यात सिंडर आपल्या घोट्याचा गंजलेला स्क्रू काढून पाय वेगळा करते. तो तिच्या लहानपणी बसविलेला, केव्हाच अपुरा पडलेला पाय आहे. नवा मिळतो, तोही सावत्र आई ‘माझ्या पैशाचा आहे’ म्हणून काढून घेते. तेव्हा राजवाड्यातील नृत्याला ती जुना, तोकडा पाय जोडून, लंगडत जाते आणि पळताना पायऱ्यांवर तोच निखळतो. ज्या गोष्टीची लाज वाटून ती आयुष्यभर हातमोजे आणि बूट घालून वावरली, तीच राजपुत्र काईसमोर उघडी पडते. जुन्या कथेतील जोडा मुलीला सुंदर ठरवितो. हा पाय तिला अपंग, गरीब आणि परकी ठरवितो. एका वस्तूचा अर्थ इतका उलटा फिरविणे आणि तरी गोष्ट तीच राहू देणे, हे साधे काम नव्हे.

आम्ही ही कथा आमच्या उर्दू माध्यमाच्या सातवीच्या वर्गात तोंडी सांगितली. सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, उस के लोहे के हाथ का वुजू कैसे होगा?’ वर्ग हसला. मग दोन मुलींत त्यावरून चांगला वाद झाला. मसल्याचे उत्तर उलेमा देतील, तो आमचा अधिकार नाही. आम्हास त्या प्रश्नाची मांडणी महत्त्वाची वाटली. वुजू यंत्राला लागत नाही. मुलांनी सिंडरला न विचारताच माणसांत धरले होते आणि मग पुढच्या अडचणीकडे वळली होती. कादंबरीतील सरकारला चारशे पाने जे कळत नाही ते त्यांनी गृहीतच धरले.

कादंबरीचा खरा कळस आमच्या मते नृत्याच्या रात्री नाही, तो त्याआधी येऊन जातो. बाजारातील एक बेकरीवाली आपल्या मुलाला सिंडरजवळ फिरकू देत नसे. साथ त्या घरात शिरते. ज्यांनी २०२० ची टाळेबंदी पाहिली, त्यांना बाजारातील ती पळापळ नव्याने समजेल. सिंडरच्या हाती औषधाची एक कुपी येते. ती घेऊन ती पिओनीकडे धावते, पण उशीर झालेला असतो. मग ती कुपी ती त्या बेकरीवालीच्या मुलाला पाजते. तो वाचतो. लेखिका येथे फार बोलत नाही, पुढे निघून जाते.

आणि याच्यापुढे आमची तक्रार येते. कादंबरीच्या शेवटी कळते की सिंडर ही चंद्रावरील राज्याची हरवलेली राजकन्या आहे. हे बहुतेक वाचकांना बरेच आधी कळलेले असते, ही गोष्ट वेगळी. अडचण रहस्य उघडे पडण्याची नाही. इतकी पाने आपण एका कामगार मुलीची माणुसकी तिच्या हातांच्या कसबावरून आणि वागण्यावरून मानायला शिकलो, आणि अखेरीस तिला मोठे करण्यासाठी रक्त लागले! आपल्या दास्तानांतही फकिराच्या वेषातील तरुण शेवटी शहजादा निघतो, तेव्हा हा मोह आम्हास परका नाही. पण जी लेखिका मालमत्ता ठरविलेल्या देहाविषयी लिहिते तिला तो परवडत नाही.

जुन्या कथेचाच हा दोष, असे कोणी म्हणेल. ते अर्धे खरे आहे. पेरोची सिंड्रेला मुळात खानदानी घरातली आहे. नवव्या शतकात चीनमध्ये तुआन चेंगशी यांनी नोंदविलेल्या कथेतील ये शिएन ही, जिला माशाच्या हाडांतून सोन्याचा जोडा मिळतो, एका टोळीच्या प्रमुखाची लेक आहे. म्हणजे या कथांत गरीब मुलगी वर चढत नाही, खाली ढकललेली मुलगी आपल्या जागी परत येते. परंतु याहून जुनी एक गोष्ट ग्रीक लेखक स्ट्रॅबो देतो. गरुड रोडोपिस नावाच्या स्त्रीची चप्पल उचलून मेम्फिसच्या राजाच्या मांडीवर टाकतो आणि ती इजिप्तची राणी होते. स्ट्रॅबो तिला गणिका म्हणतो. हिरोडोटसच्या सांगण्यानुसार रोडोपिस थ्रेसची गुलाम होती. तेथे वंशावळ कोणी शोधीत नाही. मायर यांच्यासमोर तीही वाट होती.

आणखी दोन लहान गोष्टी. नवे बीजिंग हे नावापुरते बीजिंग वाटते; चिनी, जपानी, व्हिएतनामी नावे एकाच भांड्यात ढवळली आहेत. अनेक देशांचे मिळून एक राज्य झाले म्हणून ते खपते, तरी त्या शहराला वास नाही. ज्यांच्या मोहल्ल्यांचे वर्णन नेहमी बाहेरच्यांनीच केले, त्यांना ही उणीव चटकन जाणवते. दुसरे, चंद्राची राणी लेव्हाना. ती माणसांच्या डोळ्यांना भूल घालते, पण पडद्यावरील चित्राला ती भूल घालता येत नाही, म्हणून तेथे ती चेहऱ्यावर जाळीचे वस्त्र घेऊन येते. कथेच्या तर्कात हे बरोबर बसते. तरी आमच्या वर्गातील ज्या मुलींच्या घरी निकाब हे रोजचे वस्त्र आहे, त्यांना झाकलेला चेहरा म्हणजे कपटी चेहरा, हे समीकरण पुन्हा एकदा वाचावे लागते.

‘विंटर’च्या शेवटी सिंडर सिंहासनावर बसते खरी, पण ते सिंहासनच मोडून चंद्रावर लोकराज्य आणण्याचे ठरविते. लेखिकेला स्वतःलाही ते राजरक्त टोचत असावे, असे आम्हास वाटते. मात्र तेथे पोहोचण्यास चौथे पुस्तक लागले, आणि पहिलेच वाचून थांबणाऱ्या मुलांच्या हाती राजकन्याच राहते.