दांड्याची बथशेबा आणि आमचं बीड

बीड जिल्ह्यातल्या आमच्या घरांत म्हाताऱ्या माणसांनी काळ मोजला तो ‘पोलिस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘पोलिस ॲक्शननंतर’ असा. १९४८च्या त्या दिवसांची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार माणसं मेली, असं समितीने नोंदवलं. आकडा मिळाला, माणसं मात्र आमच्या साहित्यात अजून आली नाहीत.

ही बोच घेऊन आम्ही एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ एस्थर’ (२००२) ही कादंबरी वाचली. लेखिका अहमदाबादच्या, बेने इस्राएल समाजातल्या. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा, शनिवार पाळणारा म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवला गेलेला हा मराठीभाषक ज्यू समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. मागे रिकामी सिनेगॉग उरली. एलियाहू पैगंबरांच्या नावाने हे लोक पोह्यांचा मलिदा करतात. मलिद्याची चव आम्हाला परकी नाही.

दांडा गावात शेतीवाडी सांभाळणाऱ्या बथशेबापासून ही कहाणी पिढ्यापिढ्यांतून उतरत येते. तिचं बळ घराच्या तपशिलात आहे. पूर्वजांना लेखिका संत करत नाही. बायकांची कुचंबणाही झाकत नाही. पुढच्या ‘बुक ऑफ रेचल’मध्ये (२००६) तर प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने उघडतं. गेलेला समाज चुलीपाशी सापडतो, हे तिने नेमकं ओळखलं.

उणीव एकच, पण मोठी. ज्या मराठीत बथशेबा जगली, ती इथे इंग्रजीच्या पडद्याआडून ऐकावी लागते. बोलणारेच पांगले, त्याला लेखिका काय करणार?

आमचं तसं नाही. आम्ही इथेच आहोत. घरातली दखनी आणि शाळेतली मराठी दोन्ही आमच्या जिभेवर आहेत. आमची कादंबरी या दोन्हींतून यावी. तिच्यात रझाकारांचे जुलूम असावेत, नंतरचा सूड असावा, आणि जिवावर उदार होऊन दार उघडणारा हिंदू शेजारीही असावा. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहे. दादी-नानीपाशी आम्ही आजच बसलो नाही, तर आमच्या नातवंडांच्या हाती फक्त तो आकडा उरेल.