हवेत लटकलेल्या गाड्या

नातवाच्या दुसऱ्या वाढदिवसाला पाच पुस्तकं आली आणि पाचही गाड्यांची निघाली. त्यातल्या एकात पिवळ्याधमक जेसीबीखाली ठळक अक्षरांत छापलं होतं : उत्खनक. मी इमानेइतबारे ते वाचलं. नातवाने आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आजोबांना सांभाळून घ्यावं तशा आवाजात म्हणाला, "जेशीबी." जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरं आपल्याकडे केव्हाच सामान्यनाम होऊन बसली आहेत. ही बातमी पोहोचली नाही ती फक्त बालपुस्तकांच्या संपादकांपर्यंत.

शब्दाचा राग तिसऱ्या दिवशी उतरला. चित्रांचा उतरलेला नाही. पाचांपैकी चार पुस्तकांत पानागणिक एक गाडी, पांढऱ्याफेक कागदावर, हवेत लटकलेली. खाली रस्ता नाही, आत ड्रायव्हर नाही, मागे माल नाही. जेसीबीच्या बकेटमध्ये चिमूटभर माती नाही. बंब आहे, आग नाही. शाळेच्या भिंतीवरचा 'वाहने' हा तक्ता कापायचा, जाड पुठ्ठ्यावर डकवायचा, कोपरे गोल करायचे, झालं चित्रपुस्तक. पाचव्या पुस्तकातल्या गाड्यांना डोळे होते आणि त्या मुलांना दात घासायला सांगत होत्या.

ही कला मुळात इतकी दरिद्री नाही. डोनाल्ड क्रूज यांचं 'फ्रेट ट्रेन' १९७८ मधलं. सुरुवातीला नुसते रूळ आहेत, गाडी नाही. मग गाडी येते ती शेपटाकडून : लाल डबा, नारिंगी टाकीचा डबा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, आणि सर्वांत शेवटी काळं इंजिन. डबे जोडले जात असताना सगळं स्थिर. गाडी पुरी जुळली की क्रूज तिला सोडतात आणि रंग एकमेकांत फरफटत जातात. वेग नावाची न दिसणारी गोष्ट कागदावर दिसते. बोगदे, शहरं, पूल, अंधार, उजेड. शेवटी गाडी गेलेली असते, मागे धूर तेवढा. सगळे शब्द मिळून एक परिच्छेदही भरणार नाही.

त्या धुराच्या पानावर नातू दरवेळी थांबतो. बोट धुरावर ठेवतो, "गेली" म्हणतो आणि पानं उलटी फिरवत बोगद्याशी येतो. गाडी तिथे सापडते. पुन्हा पुढे, पुन्हा "गेली". या खेळात मी फक्त पुस्तक धरणारा हात असतो. मांडीवर बसून वाचण्याच्या पुस्तकाची माझ्यापुरती कसोटी हीच, की वाचून दाखवणाऱ्याला ते गप्प बसवतं का.

क्रूज यांचंच 'ट्रक' (१९८०) त्याही पुढे जातं. लाल ट्रक तीनचाकी सायकली भरून निघतो आणि पाऊस, धुकं, बोगदा, उड्डाणपुलांची भेंडोळी पार करून माल पोचवतो. गोष्ट सांगणारं एक वाक्य नाही. अक्षरं आहेत ती गाड्यांवरची आणि रस्त्यावरच्या पाट्यांवरची. शब्दांवाचूनचं हे पुस्तक मुलाला अक्षरं दाखवतं, आणि तीही जिथे खरोखर असतात तिथे. एसटीची पाटी वाचत वाचत अक्षरओळख झालेल्यांच्या पिढीला हे वेगळं समजावायला नको. या दोन्ही पुस्तकांना कॅल्डेकॉट सन्मान मिळाला, १९७९ आणि १९८१ साली. क्रूज लहानपणी उन्हाळ्यात आईच्या आईकडे जात, फ्लोरिडातल्या कॉटनडेलला. 'बिगमामाज'मध्ये (१९९१) ती हकीकत आहे. म्हणजे त्यांचीही गाडी आजोळी जाते आणि गदिमांची अगीनगाडीही आजोळीच जाते. आपण आपली गाडी गळ्यात जपली, चित्रात तिच्याकडे तेवढ्या मन लावून पाहिलं नाही.

व्हर्जिनिया ली बर्टन यांचं 'माइक मुलिगन अँड हिज स्टीम शॉव्हल' १९३९ मधलं. डिझेल आणि विजेच्या यंत्रांपुढे मागे पडलेलं वाफेचं खोदयंत्र, मेरी अ‍ॅन, एका दिवसात नगरगृहाचं तळघर खोदून दाखवतं. पण घाईत वर यायला वाटच ठेवलेली नसते. मग ते तिथेच राहतं आणि इमारत गरम ठेवणारी भट्टी होतं. हा तोडगा एका मुलाला सुचला होता आणि बर्टनबाईंनी पुस्तकातच तळटीप देऊन त्याचे आभार मानले. मेरी अ‍ॅनला डोळे आहेत, हे मला मान्य आहे. पण ती उपदेश करत नाही, खोदते. पान उलटताना खड्ड्याचे चार कोपरे एकेक करून चौकोनी होताना दिसतात.

बाकीच्यांचा हिशोब थोडक्यात. रिचर्ड स्कॅरीच्या लोणच्याच्या मोटारीला समीक्षक लागत नाही, तिला मुलं पुरेशी आहेत. ऑड्री यांच्या गोष्टींतल्या इंजिनांना चेहरे असले तरी रूळ खरे होते. पुढे चेहरे विकले गेले आणि रूळ उखडले गेले. दमलेल्या क्रेनला आणि डंपरला थोपटून झोपवणारी पुस्तकं आईबापांच्या सोयीची. बटण दाबलं की भोंगा वाजवणारी पुस्तकं, पुस्तकं नव्हेत.

यावर कुणी म्हणेल, मुलांना आधी नावं नकोत का? नावं त्यांना गल्लीत मिळतात. २०१९ मध्ये जेसीबीची खुदाई बघत उभ्या राहणाऱ्या गर्दीची देशभर टर उडवली गेली. मला ती गर्दी शहाणी वाटते. दोन वर्षांचं मूल गटाराच्या कामापाशी पाऊण तास उभं राहतं ते नावासाठी नव्हे. दात मातीत कसे रुततात, हात कसा दुमडतो, माती डंपरमध्ये पडताना आवाज कसा होतो, हे त्याला बघायचं असतं. तेच मूल घरी आलं की आपण पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून विचारतो, "हे काय? सांग बरं काकांना!" म्हणजे पुस्तक नव्हे, तोंडी परीक्षा. गाडी म्हणजे काहीतरी कुठूनतरी कुठेतरी नेणारी वस्तू. माल, माणूस आणि रस्ता काढून घेतला तर उरतो तो तिचा पासपोर्ट फोटो.

मराठीत हे जमणार नाही, असं कुणी सांगू नये. माधुरी पुरंदरे यांनी 'राधाचं घर'मध्ये घरातली माणसं ज्या बारकाईने पाहिली, तेवढ्या बारकाईने टेम्पोकडे पाहायला काय हरकत आहे? उसाचं पुस्तक बघा : फडात मोळ्या बांधल्या, ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडल्या, रात्रभर रांग, मग काटा, मग गव्हाण. पानं आपोआप पडली की नाही? १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली, त्याला पाऊणशे वर्षं उलटून गेली. पण दुकानात एसटीचं पुस्तक मागा, विक्रेता स्पर्धा परीक्षांच्या कप्प्याकडे बोट दाखवतो. मुंबईची जुनी, डिझेलवरची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. आमच्या नातवाला पुस्तकातून ठाऊक आहे ती लंडनची. हा चित्रकारांचा दुष्काळ नव्हे. तक्ता छापणं स्वस्त पडतं, आणि 'शैक्षणिक' असा शिक्का दिसला की आपण तो विकत घेतो, एवढंच.

आमच्या दारात सकाळी घंटागाडी येते. गाणं ऐकू आलं की नातू चप्पल उलटी घालून धावतो. ओल्याची बादली कुठे, सुक्याची कुठे, मागच्या फळीवर उभी असलेली ताई एका हाताने दांडी कशी धरते, हे सगळं तो रोज तपासतो. परवा गाडी वळणाआड गेल्यावर त्याने विचारलं, "आता कुठे?" चार पुस्तकांतल्या चारही कचरागाड्या चकचकीत आणि रिकाम्या, एकीलाही उत्तर देता येईना. कुणीतरी हे पुस्तक काढा. आमच्या दारापासून सुरू करा आणि शेवटचं पान डेपोवरच्या घारींचं करा. नाव मात्र 'घंटागाडी'च ठेवा. 'घनकचरा संकलन वाहन' ठेवलंत, तर नातू आधी चित्राकडे बघेल, मग तुमच्याकडे.