‘जागा शिल्लक नाही’: एका संदेशाची झाडाझडती

मंडळी, लिनक्सच्या एका संदेशाबद्दल आज माझी तक्रार आहे: ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.’ एरर क्रमांक 28. समजा, देवणीतल्या एखाद्या आडत दुकानाच्या गोदामात जागा आहे, पण आवक-वहीची पानं संपलीत. आणि मुनीम सांगतो, ‘गोदाम भरलं!’ हा संदेश त्या मुनिमासारखा आहे.

ईएक्सटी4 मध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो. सहसा 16 केबीमागे एक, आणि ही संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. लाखो बारीक फाइली साठल्या की ‘डीएफ’ जागा दाखवतो, पण नवी फाइल होत नाही. तिथं ‘डीएफ -आय’ बघावं. कधी उलटं होतं: मोठी लॉग फाइल पुसली तरी जागा सुटत नाही, कारण चालू प्रोग्रामनं ती धरून ठेवलेली असते. ‘एलएसओएफ +एल1’ तो प्रोग्राम दाखवतो. तो पुन्हा सुरू केला की जागा मिळते. आणि फाइलींवर नजर ठेवणाऱ्या आयनोटिफायची मर्यादा संपली, तरी क्रमांक 28च!

आता बघा, कोटा संपल्यावर याच लिनक्सकडे वेगळा संदेश आहे. मग इथं का नाही? कारण चुकीचं कळलं की माणूस घाबरून कामाच्या फाइली पुसतो. म्हणून आधी मोजा, मग पुसा.